पाणी दिलेले लोखंड

मराठीच्या उत्तरपत्रिकेत 'पाणीदार व्यक्तिरेखा' असे आपण सर्वांनीच एकदा तरी लिहिले असेल. माणसाचे पाणी जोखावे, वेळ आली म्हणजे आपले पाणी दाखवावे, असेही आपण सहज बोलतो. हे पाणी कोणत्या विहिरीचे, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. माझ्यापुरते त्याचे उत्तर सोपे आहे. कारण मी खात्याच्या घरात वाढले. आमच्या नागपूर-वर्ध्याकडे लोहाराला खाती म्हणतात, जसे सुताराला वाढई. आमच्या भट्टीशेजारी जमिनीत पुरलेली एक दगडी कुंडी आहे. तापलेला विळा तिच्यात बुडाला की 'चर्र' असा आवाज होतो आणि क्षणापूर्वी मऊ असलेले पोलाद कठीण होऊन बाहेर येते. याला लोहार 'पाणी देणे' म्हणतो. पाणी नीट बसले तर हत्यार पाणीदार. जास्त झाले तर ते काचेसारखे तुटते, कमी झाले तर वाकते. तलवारीचे पाणी आणि त्यावरून माणसाचे पाणी, हे शब्द अशा कुंडीतून वर आलेले आहेत.

गावच्या लोहाराचे काम कसे चालते, त्यामागे कोणते शास्त्र आहे आणि ते आज कोणत्या वळणावर येऊन थांबले आहे, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे. लोहार म्हटला की नवी वस्तू घडविणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. वस्तुतः त्याचा बराचसा दिवस जुन्या वस्तूची झिजलेली धार परत आणण्यात जातो. त्याच्या कामाचे मर्म मला या परत आणण्यात दिसते. विळा विकत घेता येतो. परंतु विळ्याची धार ही दर हंगामात नव्याने मिळवावी लागते. ती मिळवून देणारा माणूस गावात असावा लागतो, म्हणूनच लोहार गावाचा असे.

आपल्या नागपूरकरांना लोखंडाचा इतिहास शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. काटोल रस्त्यावर जुनापाणी येथे महापाषाणयुगीन लोकांची शिळावर्तुळे आहेत. शहराजवळच्या माहुरझरी येथे नागपूर विद्यापीठाच्या वतीने प्रा. शां. भा. देव यांनी १९७० ते १९७२ या काळात उत्खनन केले. त्यापूर्वी टाकळघाट-खापा येथेही विद्यापीठाने उत्खनन केले होते. या दफनांत माणसांबरोबर लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि घोड्यांचे लगाम पुरलेले सापडले. विदर्भातील त्या कुऱ्हाडींची एक खूण अशी की, पाते दांड्याला घट्ट बसावे म्हणून त्याभोवती आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असत. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नायकुंड नावाचे गाव आहे. तेथे १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड वितळविण्याची मातीच्या विटांची भट्टीच सापडली. सोबत वारा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या आणि लोखंडाची मळी होती. तिचा काळ इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाच्या आसपास धरला जातो. म्हणजे आमच्या तालुक्यात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीही कोणी तरी भाता ओढत बसले होते.

आता भट्टीत येऊ. लोहारशाळेत पहिल्यांदा येणाऱ्याला वाटते की, ही जागा इतकी अंधारी का? छप्पर बुटके, खिडकी नाही, भिंती काजळलेल्या. ही गरिबीची खूण आहे असा पुष्कळांचा समज असतो. गरिबी असतेच, पण अंधार मुद्दाम राखलेला असतो. लोखंड किती तापले हे लोहार त्याच्या रंगावरून ओळखतो आणि उन्हात तो रंग फसवतो. भर दुपारी अंगणात जे लोखंड काळे वाटेल, तेच आत अंधारात लाल दिसते. आयर्लंडमधील खेड्यांतील लोहारशाळाही अशाच अंधाऱ्या असत. तेथील नोबेल पारितोषिक मिळालेले कवी शेमस हीनी यांच्या १९६९ च्या कवितासंग्रहात लोहारशाळेवर एक कविता आहे आणि त्या संग्रहाच्या नावातच अंधाराकडे उघडणारे दार आहे. दोन देशांचा एकमेकांशी काही संबंध नसताना अंधार मात्र एकच. कारण तापलेल्या लोखंडाचा नियम दोन्हीकडे एकच आहे.

साधने थोडी असतात. ऐरण लाकडाच्या ओंडक्यात पक्की रोवलेली. लहान हातोडा, मोठा घण, दोन-तीन मापांच्या सांडश्या, छिन्नी, भोक पाडण्याचा सुमा आणि कानस. पूर्वी चामड्याचा भाता असे. मी पाहिला तो अडगळीतच; माझ्या वाट्याला आला तो हाताने फिरवायचा पंखा. कोळसा लाकडी असेल तर बाभळीचा चांगला, कारण तो दाट आणि जास्त वेळ टिकणारा. पुढे खाणींचा दगडी कोळसा मिळू लागला. तो अधिक तापतो, पण त्यातील गंधक लोखंडाला बाधते. म्हणून नाजूक कामाला आमचे आबाजी, म्हणजे आजोबा, आजही लाकडी कोळसा वेगळा काढून ठेवतात.

काम किमान दोघांचे. एक जण डाव्या हाताने सांडशी धरतो आणि उजव्या हातातील लहान हातोड्याने दाखवतो की, घाव कोठे पडायचा; दुसरा तेथे घण मारतो. हातोडा ऐरणीवर नुसता वाजला की घण थांबवायचा. बोलणे नाही, सारे आवाजावर. आमच्याकडे सांडशी आबाजींची आणि घण आजीचा. भटक्या घिसाडी समाजाच्या पालांवरही हेच दृश्य दिसते: पुरुष सांडशी धरून बसलेला आणि बाई उभी राहून घण घालीत असलेली. तरीही लोहार म्हणजे कोण, असे विचारले की सांडशी धरणाऱ्याकडे बोट जाते. घण मारणारीला काही नावच नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पण कारागिरीची नोंद घेणाऱ्यांनी मोजणी करताना ऐरणीच्या दोन्ही बाजूंना पाहावे, एवढेच म्हणते.

रंगांची भाषा मी आबाजींकडून शिकले. लोखंड तापू लागले की आधी ते गुंजेसारखे लाल होते, मग पळसाच्या फुलासारखे केशरी, मग हळदीसारखे पिवळे आणि शेवटी पांढरे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात यांना आकडे आहेत. गुंजेचा लाल म्हणजे सुमारे ७५० ते ८०० अंश सेल्सिअस, केशरी म्हणजे ९०० च्या वर, पिवळा ११०० च्या आसपास, पांढरा १३०० च्या घरात. घडाईचे काम केशरी-पिवळ्यावर होते. दोन तुकडे एकमेकांत मिसळून एक करायचे असतील तर ते पांढऱ्यापर्यंत न्यावे लागतात. मग त्यांवर टाकणखार किंवा बारीक वाळू टाकतात. ती वितळून लोखंडावरची मळी वाहून नेते आणि स्वच्छ पृष्ठभाग एकमेकांस भिडतात. त्या वेळी दोन-चार घाव भराभर पडले पाहिजेत. उशीर झाला तर जोड बसत नाही आणि आगीत जास्त राहिले तर लोखंड फुलबाजीसारख्या ठिणग्या टाकीत जळू लागते. आबाजी म्हणतात, "लोखंड बोलते बाई, आपल्याले आयकाले पायजे."

लोखंड आणि पोलाद यांतील फरक कला शाखेच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. फरक आहे तो कार्बनचा, म्हणजे कोळशातील मूलद्रव्याचा. शंभरात पाव भागाहून कमी कार्बन असेल तर ते मऊ लोखंड. ते वाकते, पण तुटत नाही आणि पाण्यात बुडवूनही फारसे कठीण होत नाही. अर्धा ते एक भाग कार्बन असेल तर पोलाद. त्याला पाणी चढते. दोन भागांच्या पुढे गेले की ते बीड. बीड ओतता येते, मात्र घणाखाली फुटते. ट्रकच्या कमानपाट्यात अर्ध्या भागाहून थोडा अधिक कार्बन असतो. म्हणूनच आजच्या लोहाराकडे भंगारातून आणलेले पाटे ढिगाने पडलेले दिसतात. विळा, कोयता, कुऱ्हाड यांसाठी ते उत्तम पोलाद आहे. जुन्या काळी पोलाद महाग असे. तेव्हा कुऱ्हाडीचे अंग साध्या लोखंडाचे करीत आणि तोंड चिरून त्यात पोलादाची पट्टी घालून जोड देत. पाठीने मार सोसायचा आणि धारेने कापायचे, अशी ही वाटणी होती.

पाणी देण्याची क्रिया दोन टप्प्यांची आहे. पोलाद गुंजेच्या लालीपर्यंत तापविले की आतील कार्बन लोखंडात विरघळतो. हळूहळू निवू दिले तर तो पुन्हा वेगळा होतो आणि पोलाद मऊच राहते. एकदम पाण्यात बुडविले तर त्याला वेगळे व्हायला अवधी मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो आणि त्या ताणाने पोलाद कमालीचे कठीण होते. पण नुसते कठीण पोलाद शेतात चालत नाही. दगडावर आपटले की त्याचा टवका उडतो. म्हणून दुसरा टप्पा: त्या कठीणपणातील थोडा काढून घ्यायचा. लोहार कुऱ्हाडीची केवळ धार पाण्यात बुडवितो आणि चटकन बाहेर काढून विटेवर घासून चकचकीत करतो. मागच्या अंगात उष्णता शिल्लक असते, ती धारेकडे सरकू लागते. तिच्याबरोबर चकचकीत भागावर रंगांची एक रेघ पुढे येते. आधी वाळल्या गवताचा पिवळा, साधारण २२० ते २३० अंशांना, मग तपकिरी, मग वांग्याचा जांभळा, २८० च्या आसपास, मग निळा, ३०० ला. हवा तो रंग धारेवर पोहोचला की सबंध वस्तू कुंडीत. विळ्याला पिवळा-तपकिरी, कारण त्याला गवत कापायचे आहे. कुऱ्हाडीला वांगी, कारण तिला घाव घालायचा आहे. सब्बलीला निळ्याकडे झुकणारा, कारण तिला दगडाशी गाठ आहे. कोणाशी गाठ पडणार हे पाहून कठीणपणा ठरवायचा, हे लोहाराचे तत्त्वज्ञान आहे.

या साऱ्याला आबाजींनी कधी शास्त्र म्हटले नाही. ते चौथी शिकलेले. परंतु निरीक्षण, कारण आणि परिणाम यांचा असा मेळ ज्याला साधला त्याला अडाणी म्हणणे मला जड जाते. खारे पाणी हत्यार जास्त कडक करते, हे त्यांना ठाऊक आहे. मिठाच्या पाण्यात पोलाद अधिक वेगाने निवते, हे पुस्तक सांगते. तेलात ते सावकाश निवते, म्हणून पातळ पात्याला तेल बरे. पुस्तक आणि कुंडी यांच्यात येथे मतभेद नाही.

लोहाराचे वर्ष शेतीच्या वर्षावर बेतलेले असते. विदर्भाच्या काळ्या कापसाच्या जमिनीत नांगरापेक्षा वखर जास्त चालतो. वखराच्या आडव्या लोखंडी पात्याला पास म्हणतात. उन्हाळवाहीत पास झिजते, तिला पाजवून आणावे लागते. पाजविणे म्हणजे तापवून, ठोकून धार पुन्हा पातळ करणे. अक्षय्यतृतीयेपासून मृगापर्यंत भट्टी थंड होत नाही: पासा, नांगराचे फाळ, तिफणीचे फण. पेरण्या झाल्या की डवऱ्याची पाळी. कपाशीच्या दोन ओळींमधून फिरणारा तो छोटा वखरच. निंदणाला खुरपी. दिवाळीच्या सुमारास ज्वारीसाठी विळे. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या धानाच्या मुलखात दातेरी विळा लागतो. त्याचे दाते पाणी देण्यापूर्वीच छिन्नीने पाडून घेतात, कारण नंतर छिन्नीच बोथट होईल. हिवाळ्यात कुऱ्हाडी. आणि लग्नसराईत घरचे लोखंड: तवा, कढई, सांडशी, चिमटा, फुंकणी, सराटा म्हणजे पुण्याकडचे उलथणे, आणि पावशी म्हणजे त्यांची विळी. मुलीच्या संसाराबरोबर गेलेली पावशी धार लावायला माहेरी परत येत असे, असे आजी सांगते. धार तर सासरच्या गावातही लागत होती. पावशी हे निमित्त होते.

या साऱ्या कामांत अख्ख्या गावाला गोळा करणारे काम म्हणजे बैलगाडीच्या चाकाला धाव बसविणे. वाढई लाकडाचे चाक जोडतो: मध्ये तुंबा, त्यात आरे, भोवती पुठे. त्यावर लोखंडी पट्टीचे जे कडे बसते ती धाव. ती चाकापेक्षा जाणूनबुजून थोडी लहान करतात. मग शेणाच्या गोवऱ्या रचून ती आगीत तापवितात. लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या लाखात एक भागाहून थोडे अधिक वाढते. चार फूट व्यासाच्या चाकाचा परीघ साडेबारा फूट; धाव पाचशे अंशांनी तापली तर परिघात जवळजवळ एक इंचाची वाढ होते. तेवढ्या एका इंचात सारा खेळ. तीन-चार जण सांडश्यांनी ती लाल धाव उचलून चाकावर घालतात, घणाने बसवितात, लाकूड पेट घेते, तोच बाया घागरीने पाणी ओततात. धाव आकसते आणि पुठे, आरे, तुंबा यांना कचकचून आवळते. खिळा न मारता चाक एकजीव होते. लाकडाचे काम वाढयाचे, लोखंडाचे खात्याचे, गोवऱ्या ज्याची गाडी त्याच्या आणि पाणी सर्वांचे. बलुतेदारी ही संस्था काय होती हे समजण्यास धाव बसविण्याएवढे दुसरे सोपे उदाहरण नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन केले आहे. बलुतेदारांच्या ज्या तीन कासा, म्हणजे दर्जे, मानीत, त्यांत लोहार व सुतार थोरल्या कासेत होते. वर्षभर काम करायचे आणि खळ्यावर धान्य न्यायचे. या व्यवस्थेचे गोडवे गाणारे लेख आपण वाचतो, पण तिच्या दुसऱ्या बाजूला धग होती. पीक बुडाले की लोहाराचेही बलुते बुडे, मात्र काम तेवढेच. नाही म्हणण्याची सोय नसे. ठिणग्यांनी आबाजींच्या हातांवर जे डाग पडले आहेत त्यांची भरपाई कोणत्या खळ्यावर मिळाली नाही. तेव्हा ती व्यवस्था गेली याचे दुःख मी करीत नाही. एक गोष्ट मात्र तिच्यात होती. ज्याने हत्यार घडविले त्याच्याकडेच ते परत येत असे. आपण दिलेले पाणी कसे निघाले, हे त्याला पुढच्याच हंगामात कळे. चूक दिसे आणि सुधारता येई. विद्या अशीच वाढते.

सर्वच लोहार गावाचे नव्हते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात लोहार, खाती, घंट्रा, घिसाडी आणि पांचाळ यांचे एकत्र प्रकरण आहे. घिसाडी गाडीवर संसार घेऊन गावोगाव फिरत. महाराष्ट्रात त्यांची व गाडी लोहारांची नोंद भटक्या जमातींत आहे. राजस्थानचे गाडिया लोहार चित्तोड पडल्यावर घरात न राहण्याची शपथ घेऊन निघाले, अशी त्यांची परंपरा सांगते. १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा चित्तोडगडावर पुनःप्रवेश झाला. आणखी मागे गेले तर मंडला, बिलासपूरकडील जंगलांत खनिजापासूनच लोखंड काढणारे अगारिया होते. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्या भट्टीतील दैवताला ते लोहासुर म्हणतात. आगीत राहणारा देव नसून असुर असावा, ही कल्पना ज्याने भट्टी जवळून पाहिली त्याला पटण्यासारखी आहे.

या अगारियांच्या भट्ट्या का विझल्या? १८६७ मध्ये नागपूरला आगगाडी पोहोचली आणि तिच्याबरोबर विलायती लोखंडाच्या सळ्या स्वस्तात आल्या. खनिज गाळण्याचा खटाटोप परवडेनासा झाला. ही पहिली ताटातूट. पुढचा अध्यायही नागपुरातच घडला. १८७७ मध्ये येथे एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांचे लक्ष चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजावर होते. गावाचे नावच काय सांगायचे ते सांगते. परंतु जवळचा वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही. बेत सोडला जात असताना दोराबजी टाटा नागपूरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, सहज शिरले. तेथे टांगलेल्या भूगर्भीय नकाशात दुर्ग जिल्ह्यातील लोखंडाचे ठिपके त्यांच्या नजरेस पडले, अशी हकिगत टाटांच्या इतिहासात नमूद आहे. पुढे कारखाना मयूरभंजच्या खनिजावर साकचीला, आजच्या जमशेदपुरास, उभा राहिला आणि १९१२ मध्ये तेथे पोलाद निघाले. दुर्गच्या डल्ली-राजहराच्या खनिजावर १९५९ मध्ये भिलाईची भट्टी पेटली.

कारखान्याच्या पोलादाने गावचा लोहार संपला नाही. उलट त्याला चांगला माल मिळाला. दुसरी ताटातूट झाली ती तयार अवजारांमुळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथे लोखंडी नांगर घडू लागले. लोखंडाने जमिनीला विष चढेल अशी शंका त्या वेळी शेतकरी घेत. ती खोटी ठरली आणि नांगराने शेतीचे भलेच केले. पण ओतीव बिडाचा भाग झिजला की तो घणाखाली घालता येत नाही. तो बदलावा लागतो, म्हणजे दुकानात जावे लागते. पुढे बैलगाडीला रबरी टायर लागले, तेव्हा धाव गेली. ट्रॅक्टर आला, तेव्हा वखर कोपऱ्यात गेला. स्टेनलेस स्टीलची भांडी आली, तेव्हा सराटा गेला. रस्त्यावर वेल्डिंगची दुकाने निघाली. माझा मोठा भाऊ असेच एक दुकान चालवितो, आणि त्याच्या पैशावर माझे शिक्षण चालले आहे. हे मी विसरू शकत नाही.

वेल्डिंगने जोड पाच मिनिटांत होतो, तोही मजबूत. पण जोडाच्या आसपासचे पोलाद त्या उष्णतेने आपले पाणी गमावते. म्हणून तुटलेली पास भाऊ जोडून देतो आणि शेतकरी ती घेऊन मागच्या गल्लीत आबाजींकडे येतो, पाणी चढवायला. एकाच घरातील या दोन दुकानांत भांडण नाही. मात्र आबाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. भट्टी आता पावसाळ्यापूर्वीचे दोन महिने आणि दिवाळीपूर्वीचा एक महिना, एवढीच पेटते.

सरकारचे लक्ष या कारागिरांकडे अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि त्यांत लोहार आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. लाभ मात्र कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळतो. ज्या धंद्यात एकट्याला एकही घाव नीट घालता येत नाही, तेथे हा नियम वाचताना मला घण धरलेली आजी आठवते.

आपण कला शाखेचे विद्यार्थी येथे काय करू शकतो? या बाबतीत आयर्लंडने एक धडा घालून दिला आहे. १९३७ ते १९३९ या काळात तेथील लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतील मुलांना कामाला लावले. सुमारे पाच हजार शाळांतील पन्नास हजार मुलांनी आजी-आजोबांना विचारून गावची माहिती वह्यांत उतरविली. विषयांच्या यादीत गावची लोहारशाळाही होती. भट्टी कोठे आहे, छप्पर कशाचे, भाता कोणी केला, लोहार काय काय घडवितो, असे साधे प्रश्न. त्या वह्या आज त्या राष्ट्राचा ठेवा आहेत. लोहाराच्या कुंडीतील पाण्याने चामखीळ जाते, ही समजूत त्यांत सापडते. तान्ह्या बाळाला बाधा होऊ नये म्हणून पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवण्याची रीतही त्या देशात होती. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात. इतक्या दूरच्या दोन आयांना बाळासाठी एकच राखणदार सुचावा, ही गोष्ट मला कोणत्याही तुलनात्मक निबंधापेक्षा मोलाची वाटते.

आपल्या महाविद्यालयात काटोल, उमरेड, रामटेक, सावनेर, भिवापूर अशा सर्व बाजूंचे विद्यार्थी येतात. सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावच्या लोहाराकडे एक तास बसावे. पासेला तुमच्याकडे काय म्हणतात, घण कोण मारते, धाव शेवटची कधी बसली, पाणी देताना कोणता रंग पाहतात, एवढे चार प्रश्न विचारून वहीत लिहावे. माझ्या वहीत आजवर लोखंडकामाचे एकशे बारा शब्द जमले आहेत. त्यांतील पुष्कळ आपल्या ग्रंथालयातील शब्दकोशात मला मिळाले नाहीत. मराठी विभागाने मनावर घेतले तर पुढच्या वार्षिक अंकात त्यांचा एक छोटा कोश छापता येईल.

विद्या वाचविण्यासाठी प्रत्येकाने घण उचलावा असे नाही. पण पावसाळ्यापूर्वी घरातील विळा फेकून नवा आणण्याऐवजी एकदा पाजवून पाहावा. त्यासाठी आमच्याकडे सध्या वीस-तीस रुपये पडतात आणि पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात कुंडीजवळ उभे राहून रंग सरकताना पाहता येतो. यंदाच्या उन्हाळ्यात मी पंखा सोडून सांडशी धरायला शिकणार आहे. आबाजींनी होकार दिला आहे, आणि घण मारायला आजी अजून तयार आहे.